कपाटाची किल्ली

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सचिवांनी मला ‘वाचनसंस्कृती’ या विषयावर पंधरा मिनिटं दिली आहेत. मी काही साहित्यिक नाही. १९७४ साली बी.कॉम. करून बँकेत चिकटलो तो २०११ साली निवृत्त होऊनच बाहेर पडलो. खतावणी आणि व्हाउचर एवढंच यांचं वाचन, असं आमच्या घरी म्हणतात. पण गेली तेरा वर्षं या हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे. त्यामुळे त्या कपाटाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. एक कबुलीही द्यायची आहे. म्हणून वाचनसंस्कृती बाजूला ठेवतो आणि तुम्हाला एका चुकीची गोष्ट सांगतो. ती चूक माझीच आहे.

नव्या सभासदांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. २००० साली आपण बावीस जणांनी ही सोसायटी नोंदवली. गुरुजी मंडळी, वनखात्याचे, महसूलचे, दवाखान्याचे आणि आम्ही बँकवाले. पाण्याची टाकी झाली, रस्ता झाला, मग हा हॉल झाला. मुलं मोठी होत होती, पण धारणीत गोष्टीचं पुस्तक विकत घ्यायचं म्हटलं तर पंचाईत. अमरावतीला जाणारा कोणी गाठायचा. हरिसाल, सेमाडोह करत घाट उतरायचा, परतवाडा गाठायचं, मग अमरावती. तो माणूस परत येईपर्यंत त्या लेकराची हौस फिटलेली. म्हणून २०१२ साली आपण वर्गणी काढून कपाट घेतलं आणि घराघरातून पुस्तकं मागितली. एकशे ऐंशी जमली. त्यात ‘श्यामची आई’च्या सात प्रती होत्या आणि दहावीची गाइडं बावीस. गाइडं परत केली.

पहिली सहा वर्षं कपाटाला काही नियम नव्हता. रविवारी सकाळी मी उघडायचो, पोरं हात घालायची, मी रजिस्टरमध्ये नाव लिहायचो. पुस्तकं फाटली, तीन-चार हरवली, एक गायीनं खाल्लं. ते शंभर टक्के खरं आहे, साक्षीदार समोर बसले आहेत.

मग माझ्यातला बँक अधिकारी जागा झाला. त्या सुमारास शाळाशाळांतून वाचनाचे उपक्रम जोरात होते. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, ‘वाचन प्रेरणा दिन’ होऊ लागला होता. एका शाळेत मी पाहिलं, पुस्तकांना पातळीप्रमाणे रंग दिले होते आणि मुलं एकेक रंग पार करत वर जात होती. मला ते फार आवडलं. २०१८ च्या दिवाळीत मी आणि दोन गुरुजींनी बसून आपल्या सगळ्या पुस्तकांच्या पाठीवर रंगीत चिकट्या लावल्या. पहिली-दुसरीला हिरवा, तिसरी-चौथीला पिवळा, पाचवी ते सातवी निळा, आठवीपासून पुढे लाल. प्रत्येक मुलाला एक ‘वाचन पासबुक’ छापून दिलं. एका रंगाची दहा पुस्तकं वाचायची, प्रत्येकावर मला चार वाक्यं सांगायची, मी शिक्का मारायचा. दहा शिक्के झाले की पुढचा रंग.

पहिले दोन महिने काय गर्दी झाली म्हणून सांगू! रविवारी सकाळी दाराशी रांग. मुलं शिक्के मोजायची, एकमेकांना दाखवायची. सचिवांनी वार्षिक सभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो इतिवृत्तात आहे.

त्या वर्षी तिसरीत असलेल्या दोन मुलांची गोष्ट मला सांगायची आहे. दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर बसत. नावं घेत नाही. दोघंही आता दहावीला आहेत आणि नाव न घेण्याच्या अटीवरच परवानगी मिळाली आहे.

पहिला मुलगा. घरी कोरकू बोलणारा. मामाकडे राहायला आला होता. मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आता कोरकू म्हणजे मराठीची बोली नव्हे, हे आपल्यातही अनेकांना इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ती मुंडा भाषाकुळातली आहे, तिचं नातं संथाळी, मुंडारीशी. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला ‘कू’ लागलं की अनेकवचन. ‘कोरकू’ म्हणजे नुसतं ‘माणसं’. अशा घरातलं लेकरू शाळेत येतं तेव्हा अक्षरही नवं असतं आणि शब्दही नवा असतो. आपल्या मुलाला ‘विहीर’ हा शब्द कानाला आधीच माहीत असतो, फक्त तो कागदावर ओळखायचा असतो. त्याला दोन्ही कामं एकदम करायची. तिसरीत असून त्याला अक्षरं जोडता येत नव्हती. वर्गात तो मागे बसून राहायचा.

त्याला त्या हिरव्या चिकटीनं तारलं. एका पानावर एक चित्र, एक वाक्य. तेच शब्द पुन्हा पुन्हा. दहा पुस्तकांना त्याला चार महिने लागले. दहावा शिक्का मारला त्या दिवशी त्यानं पासबुक मामाला दाखवायला नेलं आणि परत आणलंच नाही. मामानं ते दुकानात फ्रेमसारखं टांगून ठेवलं होतं.

म्हणून आधीच सांगतो, मी वाचनाच्या योजनांच्या विरोधात बोलायला उभा नाही. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. गावोगाव घरी जाऊन मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. यातलं मुलाला किती येतं ते पाहतात. पाचवीतल्या पुष्कळ मुलांना दुसरीचं वाचता येत नाही, हे देशाला त्यातूनच कळलं. त्यांच्याच पद्धतीत तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेप्रमाणे गट न करता वाचता किती येतं त्याप्रमाणे गट करतात. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘निपुण भारत’ सुरू केलं. तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला निदान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं त्याचं एक लक्ष्य आहे. हे सगळं चांगलं आहे आणि आपल्या मेळघाटात तर फारच गरजेचं आहे. ज्यांना हे अनावश्यक वाटतं त्यांनी त्या मुलाच्या मामाच्या दुकानात जाऊन यावं.

पण त्या ‘असर’च्या कागदाकडे नीट पाहा. त्याची सगळ्यात वरची पायरी म्हणजे दुसरीची गोष्ट. ती वाचता आली की तो कागद गप्प होतो. पुढे काय वाचावं हे तो सांगत नाही, सांगायचा त्याचा उद्देशही नाही. ती गोष्ट घडाघडा वाचणाऱ्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याला, म्हणजे घरच्यांना आणि गुरुजींना, स्वतःच सोडवावा लागतो. तिथेच मी चुकलो.

दुसरी मुलगी. वडील वनखात्यात, वनरक्षक. ती पहिलीतच वर्तमानपत्र वाचायची. तिसरीत पासबुक मिळालं तेव्हा तिनं पिवळी दहा पुस्तकं तीन आठवड्यांत संपवली. नियमाप्रमाणे तिला निळं द्यायला हवं होतं. पण मला वाटलं, एवढ्या लवकर कसं? वयाप्रमाणे पिवळंच बरं. मी तिला अजून दहा पिवळी वाचायला सांगितली. तिनं ती वाचली. चौथीत गेली. एका रविवारी लाल कप्प्यातलं एक पुस्तक घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’.

“आबाजी, हे लिहा माह्या नावावर.”

मी पाठीवरची चिकटी पाहिली. लाल. म्हणालो, “बेटा, हे आठवीचं आहे. तुझं पासबुक पिवळं आहे. आधी निळी दहा कर, मग पाहू.”

ती काही बोलली नाही. पुस्तक जागेवर ठेवलं. तेही बरोबर जागेवर, जिथून काढलं तिथेच. एक पिवळं घेतलं आणि गेली.

पुढच्या रविवारी आली, चार वाक्यं सांगितली. शिक्का मारला. त्याच्या पुढच्या रविवारी आली. मग आली नाही. आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

कळलं ते मार्च २०२० नंतर. टाळेबंदी लागली, हॉल बंद झाला. घरात बसून करायचं काय, म्हणून मी रजिस्टर काढून वर्षाचा ताळा घालायला बसलो. बँकेत आम्ही एक काम करायचो, ज्या खात्यात बरेच दिवस उलाढाल नाही त्यांची यादी काढायची. तशी यादी काढली. पहिलंच नाव तिचं. शेवटची नोंद ऑगस्ट २०१९. म्हणजे कोरोनाच्या कितीतरी आधीपासून आपल्या सोसायटीतली सगळ्यात जास्त वाचणारी मुलगी वाचायची थांबली होती, आणि मी इतर मुलांच्या पासबुकांवर शिक्के मारत होतो.

तिची आई आमच्याकडे दूध न्यायला यायची. मी सहज विचारलं, तर म्हणाली, “काकाजी, ते आता वाचत नाई. मी म्हटलं काहून वं? तर म्हणे, मले त्या पुस्तकात फक्त पाह्याचं होतं का बाबाच्या बीटातलं जंगल त्यात हाये का नाई.”

सज्जनहो, चितमपल्ली साहेब या मेळघाटात वनाधिकारी म्हणून राहिलेले. २०२५ च्या जूनमध्ये ते आपल्यातून गेले. एका वनरक्षकाची मुलगी त्यांचं पुस्तक हातात धरून उभी होती आणि मी तिला चिकटीचा रंग दाखवत होतो. तिला ते पुस्तक पूर्ण कळलं असतं का? नसतं कदाचित. पण तिला ते कशासाठी हवं होतं, हे मी एका शब्दानं विचारलं नाही. बँकेत पन्नास रुपयांचं खातं उघडायला आलेल्या माणसालाही आम्ही “काय काम काढलं?” असं विचारायचो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे ही चूक किती लाजिरवाणी होती ते कळेल. मी अंजनगाव-सुर्जीकडचा. वडिलांचा पानमळा. १९६२-६३ साली मी सहावीत होतो. शाळेत एक लोखंडी पेटी होती, तिच्यात पुस्तकं. गुरुजींनी तिची किल्ली मला देऊन ठेवली होती, का तर त्यांना रोज उठून उघडायचा कंटाळा. त्या पेटीत मी नाथमाधवांचं ‘वीरधवल’ वाचलं. त्याशिवाय कोणाकडून तरी आणून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचायचो. झुंजार आणि काळापहाड. एकदा पानमळ्यात पाणी द्यायचं सोडून वाचत बसलो आणि वडिलांनी पकडलं. कान धरून थेट गुरुजींकडे नेलं. म्हणाले, “हे काय भलतंसलतं वाचते पोट्टं, याले तुमच्या पुस्तकातले धडे वाचाले सांगा.”

गुरुजी वडिलांना म्हणाले, “पाटील, पोराले पोहाले शिकवता तवा पाठीले भोपळा बांधता. थो पोहाले लागला का भोपळा सोडता का नाई? आता थो पोहून राह्यला. आता भोपळा ठेवला तर त्याले बुडी मारता येनार नाई.”

ज्यांनी विहिरीत वाळका भोपळा बांधून पोहणं शिकलं असेल त्यांना हे लगेच समजेल. भोपळा वाईट नाही. भोपळ्यावाचून माझ्यासारखे कित्येक बुडाले असते. पण भोपळा पाठीला असला की माणूस पाण्यावरच राहतो, तळ त्याला कधी दिसत नाही. तो कधी सोडायचा, ते काठावर उभ्या असलेल्यानं पाण्यातल्याकडे बघून ठरवायचं असतं. त्या मुलाला भोपळा हवा होता. त्या मुलीचा केव्हाच सोडायला हवा होता. मी दोघांनाही एकाच मापाचा बांधला आणि दोरी माझ्या हातात ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्या गावचं झालं. माझी पुतणी इंग्लंडात असते. तिच्या मुलाच्या शाळेतही रंगच आहेत. गुलाबी, लाल, पिवळा, निळा, हिरवा असे एकामागून एक पट्टे. सगळे रंग पार केले की त्या मुलाला ‘मुक्त वाचक’ म्हणतात. मग त्यानं ग्रंथालयातून मनाला येईल ते घ्यावं. पुतणी सांगते, तिथेही आई-बापांची हीच तक्रार असते. घरी जाडजूड पुस्तकं वाचणारं मूल शाळेतून बारा पानांचं पुस्तक घेऊन येतं आणि त्याच्यावर सही करून परत पाठवावं लागतं. मला गंमत ‘मुक्त’ या शब्दाची वाटली. म्हणजे तोवर तो कैदेत होता की काय!

पण पातळी लावणं मुळातच चुकीचं, असं मी म्हणत नाही. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीविव्हर’ नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे, आपल्यातल्या बऱ्याच गुरुजींच्या मोबाइलमध्ये आहे. मराठीसकट कितीतरी भाषांतली गोष्टींची पुस्तकं फुकट. त्यांनीही चार पातळ्या केल्या आहेत. पण पहिलीतल्या मुलानं चौथ्या पातळीचं पुस्तक उघडलं तर ते उघडतं. तिथे पातळी म्हणजे दुकानावरची पाटी. मी जे केलं ते कुलूप होतं. पाटी वाचून गिऱ्हाईक ठरवतं, आत जायचं की नाही. कुलपापुढे त्याला परत फिरावंच लागतं.

आणखी एक. पातळी पुस्तकाला लावता येते, मुलाला लावताना जरा जपून लावावी. आपल्या सायकलवाल्याच्या भाच्याचंच पुढचं ऐका. हिरवा रंग संपवून तो पिवळ्यात अडखळत होता. एक दिवस त्यानं निळ्या कप्प्यातलं यंत्रांचं पुस्तक ओढून काढलं. मी अडवणार तेवढ्यात दुसरं मूल रडायला लागलं म्हणून तिकडे गेलो. परत येऊन पाहतो तर हा ‘साखळी’, ‘दाता’, ‘फ्रीव्हील’ असे शब्द बोट ठेवून वाचत होता आणि चित्रातली चूक बाजूच्याला दाखवत होता. “हे असं नाई बसत,” म्हणे. जोडाक्षरं तीच, जी पिवळ्या पुस्तकात अडत होती. पण इथे वस्तू हाताखालची होती.

यावर अमेरिकेत १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तो एका गुरुजींनी मला सांगितला. शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ ठाऊक असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांपेक्षा त्या उताऱ्यात सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेट घ्या, तेच होईल. म्हणजे एकाच मुलाची पातळी क्रिकेटात एक आणि परीकथेत दुसरी असू शकते. पाठीवरच्या एका चिकटीत हे कसं मावणार?

आमच्या वऱ्हाडाशी ज्यांचं काही वर्षं नातं होतं, त्या ताराबाई मोडक. लग्नानंतर त्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे भावनगरला जाऊन त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. त्या गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ घरातल्या प्रत्येक मास्तरानं आणि मास्तरणीनं वाचावं. त्यातला शिक्षक पोरांना आधी नुसत्या गोष्टी सांगतो आणि वर्गात गोष्टींच्या पुस्तकांचं छोटं ग्रंथालय उभं करतो. मुलांनी त्यातलं हवं ते उचलायचं. हे १९३०च्या दशकातलं. १९३१ साली रंगनाथन यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यात एका नियमाचा आशय असा की प्रत्येक वाचकाचं म्हणून एक पुस्तक कुठेतरी असतं आणि त्याच्याशी त्याची गाठ घालून देणं हे ग्रंथालयाचं काम. मी तर ती गाठ समोर बांधली गेलेली सोडवून टाकली. आणि आजचं सांगायचं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकंही हवीत. म्हणजे गोष्टीचं पुस्तक ही चैन नाही, कायद्यानं दिलेली वस्तू आहे.

काही पालक मला विचारतात, “काकाजी, मोकळं सोडलं तर लेकरू भलतं काही वाचेल.” रास्त शंका आहे. माझं उत्तर असं. कपाटात काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवावं, त्यात माझी काही हरकत नाही. वाढणारा आपणच आहोत. पण ताट वाढल्यावर आधी भाजी खा की आधी भात, हे लेकरावर सोडावं. दुसरी शंका, “सोपंच वाचत बसलं तर?” बसू द्या. मी आजही रात्री झोपताना अर्नाळकर वाचतो. तिसरी, “कळलं नाही तर?” मी नववीत खांडेकरांचं ‘ययाति’ वाचलं. अर्धंअधिक डोक्यावरून गेलं. पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचलं तेव्हा ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं. न कळलेलं पुस्तकही वाया जात नाही. कळत नाही म्हणून हातातून काढून घेतलेलं मात्र कायमचं जातं.

टाळेबंदी उठल्यावर मी कपाट नव्यानं लावलं. सगळ्यात खालच्या कप्प्यावर हिरव्या चिकट्या तशाच ठेवल्या, कारण अक्षरं जोडायला शिकणारी लेकरं दरवर्षी येतातच आणि त्यांना काय उचलावं ते कळायला हवं. बाकी सगळ्या खरवडून काढल्या. पासबुकं बंद केली. एकच सल्ला ठेवला. कुठलंही पान उघडा, अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटा. पाचही बोटं मिटली तर पुस्तक कठीण आहे. मग ते परत ठेवायचं, की घरी कोणाच्या शेजारी बसून वाचायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. रजिस्टरला एक रकाना वाढवला. ‘आवडलं’, ‘नाही आवडलं’, ‘सोडून दिलं’. ‘सोडून दिलं’ लिहायला सुरुवातीला मुलं घाबरत. मग मी स्वतःच्या नावापुढे दोन ठिकाणी ते लिहून दाखवलं.

आणि ती मुलगी? २०२१ साली मी ‘रानवाटा’ घेऊन तिच्या घरी गेलो. ती सहावीत होती. म्हणालो, “बेटा, मी चुकलो. हे तुझ्यासाठी आणलं.” ती हसली, पाणी आणून दिलं आणि म्हणाली, “ठेवा आबाजी, पाहीन.” पुस्तक टीव्हीच्या वर ठेवलं. वर्षभर तिथेच होतं. मी दिसलो की तिची आई ओशाळायची. मी म्हणायचो, राहू द्या.

सातवीच्या उन्हाळ्यात ते परत आलं. रकान्यात तिनं लिहिलं, ‘आवडलं’. मी विचारलं, “मग, सापडलं का बाबांचं बीट?” म्हणाली, “नाव नाई सापडलं. पन जंगल तेच हाये.”

ती पूर्वीसारखी वाचते, असं मी तुम्हाला सांगणार नाही. वर्षाला तीन-चार पुस्तकं नेते. चौथीत तिला महिन्याला तेवढी पुरत नव्हती. मधली दोन वर्षं गेली ती गेली. बँकेत चुकीची नोंद उलटवता येते, तारीख परत आणता येत नाही. हे तिच्यासमोर बोलण्याची परवानगी तिनं मला दिली, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

आता वेळ संपत आली, सचिव घड्याळ दाखवत आहेत. तीन विनंत्या करतो आणि बसतो.

पहिली, पालकांना. शाळेनं वाचनाची योजना दिली असेल तर ती इमानानं करवून घ्या. गुरुजींना चाळीस मुलांकडे बघायचं असतं. पण दप्तरातल्या पुस्तकाशिवाय आणखी एक पुस्तक घरात असू द्या, ज्याच्यावर प्रश्न नाहीत, शिक्का नाही, चार वाक्यं नाहीत.

दुसरी, आपल्या सोसायटीतल्या गुरुजींना आणि बाईंना. अडखळणाऱ्या लेकरासाठी तुम्ही जो जीव काढता तो आम्ही पाहतो. जे घडाघडा वाचतं त्याच्यासाठी वेगळे कष्ट नकोत. त्याला आठवड्यातून एकदा कपाटापुढे एकटं उभं राहू द्या. काय उचलतं ते नुसतं पाहा आणि “हे का रे?” एवढं विचारा.

तिसरी, कार्यकारिणीला. रौप्यमहोत्सवी निधीतून जी पुस्तकं घ्यायची आहेत त्यांची निम्मी यादी मुलांनी करावी. आणि गेल्या महिन्यात मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला होतो तेव्हा कपाट तीन रविवार बंद राहिलं. किल्ली माझ्या खिशात होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसानं किल्ल्या सोडायला शिकावं. म्हणून मी दुसरी किल्ली करून आणली आहे. ती हॉलच्या दाराआड, मुलांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीच्या खिळ्याला टांगावी. पुस्तकं हरवतील, थोडी फाटतील. गाय पुन्हा येऊ शकते. त्याची भरपाई मी माझ्या पेन्शनमधून करीन, हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.

 सोसायटीला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.